वारली लग्नाचा चौक: आधी वाचायचा कसा आणि मग काढायचा कसा (पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी)

वारली चित्रातल्या नवरा-नवरीला चेहरा नसतो. डोकं म्हणजे एक छोटा भरीव गोल, बास. त्यामुळे पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं की छान नक्षी आहे, भावना वगैरे यात कुठे काय, आणि मग कुर्त्यावर, मगवर, हॉटेलच्या भिंतीवर ती नाचणारी माणसं दिसतात आणि आपण पुढे जातो. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण ज्या चित्राला आपण डिझाईन म्हणून वापरतो ते मुळात लग्नाचं चित्र आहे. डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, विक्रमगड या भागातल्या वारली घरांमध्ये लग्न ठरलं की सवाशिणी भिंतीवर चौक, म्हणजे लग्नाचं चौकोनी पवित्र चित्र, काढतात, आणि तो काढल्याशिवाय लग्न लागत नाही. तिथे चौक "काढतात" असंही म्हणत नाहीत, चौक "लिहितात" म्हणतात. एकदा हा शब्द डोक्यात बसला की चित्र वाचायची सवय आपोआप लागते.

हा लेख त्यांच्यासाठी ज्यांनी आजवर वारली चित्र फक्त कॉपी केलंय किंवा अजून हातच लावलेला नाही. मी डहाणूकडच्या एका घरी ओसरीवर बसून शिकले, तिथल्या मावशींनी जे जसं सांगितलं आणि नंतर स्वतः करताना जे कळलं ते इथे लिहिते. एकच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आहे ती आधीच सांगते: या चित्रात प्रेम चेहऱ्यावर शोधायचं नाही, कोण कुठे उभं आहे, कोणाचा हात कुठे टेकलाय आणि कोण कोणाच्या आधाराने तोललं गेलंय यात शोधायचं. बाकी सगळ्या पायऱ्या याच्याच भोवती आहेत.

पायरी १: दहा मिनिटं नुसतं बघा

पेन्सिल बाजूला ठेवा. एखाद्या लग्नचौकाचा चांगला मोठा फोटो उघडा, जमलं तर पुण्याच्या आदिवासी संग्रहालयात जाऊन प्रत्यक्ष बघा, आणि त्यात तीन आकार वेगळे करा. गोल, त्रिकोण आणि चौकोन. गोल आला तो सूर्य-चंद्राकडून, त्रिकोण डोंगराकडून आणि शेंडा निमुळता होत जाणाऱ्या झाडांकडून, चौकोन मात्र निसर्गात कुठे सापडत नाही, तो माणसाने आखला, जमिनीचा एक तुकडा वेगळा काढून पवित्र मानला, तो चौक. आता बघा की चित्रातली सगळी हालचाल चौकाबाहेर आहे आणि चौकाच्या आत मात्र सगळं कसं थांबल्यासारखं, बसल्यासारखं आहे. लग्नघरात पण असंच असतं ना, मांडवात गोंधळ आणि बोहल्यावर दोन माणसं गप्प बसलेली.

पारंपरिक चौकात मधोमध पालघट देवी असते. पाला म्हणजे झाडपाला आणि घट म्हणजे मडकं, हिरव्या पाल्याने काठोकाठ भरून वाहणारं मडकं, म्हणजे वाढणाऱ्या सगळ्या गोष्टींची देवी. तिच्या आसपास सूर्य, चंद्र, फणी, शिडी दिसते. जवळच एका छोट्या चौकात पंचशिऱ्या देव असतो, त्याला डोकं नसतं, मानेतून धान्याचे पाच कोंब फुटलेले असतात. नवं जोडपं आणि नवं पीक हे दोन वेगळे विषय नाहीतच इथे, हे या कोंबांकडे बघितलं की लगेच कळतं. नवरा-नवरी बहुतेक वेळा घोड्यावर बसलेली सापडतात, आणि गंमत म्हणजे ती शोधावी लागतात, कारण लग्न त्यांचं असूनही ती झाडांपेक्षा मोठी काढलेली नसतात. माझ्या मते प्रेम आणि समतोल या दोन्हींबद्दल हे चित्र जे काही म्हणतं त्यातलं अर्धं तर याच एका गोष्टीत आलं.

पायरी २: सामान

जास्त काही लागत नाही. एथ्री साईझचा जाड ब्राऊन पेपर किंवा हॅण्डमेड पेपर, गेरू (रंगाच्या किंवा हार्डवेअरच्या दुकानात मिळतो), थोडा डिंक, आणि पांढऱ्यासाठी तांदूळ. गावाकडे कारवीच्या कुडाची भिंत असते, ती शेणामातीने सारवून त्यावर गेरू देतात, आपल्याला फ्लॅटमध्ये ते शक्य नाही म्हणून कागदावर गेरूचे दोन पातळ हात द्यायचे, पहिला पूर्ण वाळल्यावरच दुसरा. गेरूत थोडा डिंक घालायला विसरू नका नाहीतर वाळल्यावर तो हाताला लागत राहतो आणि पांढऱ्या रेषा मळतात.

तांदूळ रात्रभर भिजवून पाट्यावर किंवा मिक्सरमध्ये अगदी गंधासारखा बारीक वाटायचा, गाळून घ्यायचा, त्यात डिंकाचं पाणी. पातळ किती हवा तर काडीवरून थेंब पडेल इतका, पण वाहणार नाही इतका. एवढी खटपट नको असेल तर पांढरा पोस्टर कलर आणि शून्य नंबरचा ब्रश चालतो, कोणी रागावणार नाही, पण निदान एकदा तरी तांदळाने करून बघा असं मी अगदी आग्रहाने सांगेन. का ते सांगते. तांदळाची ओली रेष गेरूवर जवळजवळ दिसतच नाही, पाण्याचा ओरखडा वाटतो, आणि मग वाळत जाते तशी कडेकडून पांढरी होत आत येते. म्हणजे तुम्ही काढताना तुम्हाला पूर्ण दिसत नसतं, हातावर भरवसा ठेवून पुढे जावं लागतं. पोस्टर कलर लगेच दिसतो त्यामुळे माणूस सारखा दुरुस्त करत बसतो.

काडी बांबूची. साधारण वीतभर लांबीची बारीक काडी घेऊन तिचं टोक दातांनी चावून चावून मऊ करायचं, तंतू सुटे झाले की झाला ब्रश. ही काडी रंग फार धरत नाही, चार बोटांएवढी रेष झाली की परत बुडवावी लागते. सुरुवातीला वैताग येतो पण नंतर या बुडवण्यालाच एक लय येते.

पायरी ३: कंबर (इथे सगळ्यात जास्त वेळ द्या)

वारली माणूस म्हणजे दोन त्रिकोण, वरचा उलटा आणि खालचा सुलटा, दोघांची टोकं एका बिंदूत मिळालेली. वरचा म्हणजे छाती-खांदे, खालचा म्हणजे कंबरेखालचा भाग. या एका बिंदूवर तोललेल्या दोन त्रिकोणांमध्ये अभ्यासकांना सृष्टीचा समतोल दिसतो, आणि स्त्री-पुरुष जोडीचाही. हे वाचून समजतं पण पटतं ते हाताने काढल्यावर.

रफ कागदावर हे करा. एक उलटा त्रिकोण काढा, उंची दीड सेंटीमीटर. त्याच्या खालच्या टोकाला अगदी टेकेल असा सुलटा त्रिकोण काढा, तेवढाच. आता वर चार-पाच मिलिमीटरचा गोल, मानेसाठी एक छोटी रेघ, हातापायाच्या बारीक रेषा. माणूस उभा राहिला. आता दुसरा काढा, पण वरचा त्रिकोण थोडा उजवीकडे झुकवून. हा चालायला लागला. तिसऱ्याला वरचा डावीकडे आणि खालचा उजवीकडे फिरवा, हा नाचतोय. कुठेही चेहरा नाही, स्नायू नाहीत, तरी तुम्हाला कळलं की नाही तो काय करतोय ते? हे सगळं त्या एका बिंदूमुळे होतं, कारण तिथे शरीर कुठल्याही बाजूला कलू शकतं आणि तरीही तुटत नाही.

माझी सुरुवातीची चित्रं नेमकी इथेच बिघडली. मी टोकं एकमेकांत घुसवायची, म्हणजे कंबर जाड व्हायची, मला वाटायचं की जरा मजबूत दिसेल. पन्नासेक माणसं काढली आणि सगळी लाकडाच्या बाहुल्यांसारखी ताठ. मावशींनी माझा कागद हातात घेतला, काही बोलल्या नाहीत, बाजूला एक माणूस काढला आणि कंबरेपाशी काडी इतकी हलकी टेकवली की तिथे रेष नाही, फक्त ओला ठिपका उमटला. वाळल्यावर बघितलं तर दोन त्रिकोण त्या ठिपक्याने धरलेले. तेव्हापासून मी आधी ठिपका देते आणि मग त्याच्या वर आणि खाली त्रिकोण उघडत नेते. नवीन माणसाला मी हीच पद्धत सांगेन, टोकं जुळवण्यापेक्षा हे खूप सोपं पडतं.

उलट चूक म्हणजे टोकांमध्ये फट राहणं. दुरून बघितलं की माणूस मधून कापल्यासारखा दिसतो. फट दिसली तर पूर्ण वाळू द्या आणि मग ठिपका द्या, ओल्यात दिलात तर पसरतो.

बाईच्या डोक्याला मागे एक छोटा गोल जोडायचा, तो अंबाडा. एवढाच फरक पुरतो. ती उंचीला लहान काढायची वगैरे काही नाही.

रोज एक पान माणसं काढा, आठ दिवस. कंटाळा येईल पण हे टाळून चौकाला हात घालू नका.

पायरी ४: जोडी

आता दोन माणसं शेजारी काढायची. इथे तुम्ही काय ठरवता त्यावर चित्रातलं नातं ठरतं. दोघं सरळ उभी आणि मध्ये अंतर असेल तर ते दोन शेजारी वाटतात. अंतर तेवढंच ठेवून दोघांचे वरचे त्रिकोण एकमेकांकडे किंचित कलते करा, लगेच काहीतरी घडतं. आणि मग हात: एकाच्या खांद्यापासून निघालेली रेष दुसऱ्याच्या खांद्यापर्यंत न थांबता न्या, एकाच दमात, मध्ये काडी न उचलता. तिचा हात कुठे संपला आणि त्याचा कुठे सुरू झाला हे सांगता येऊ नये. माझ्यासाठी अख्ख्या चित्रातली सगळ्यात प्रेमळ रेष हीच. ती तुटक आली तर चालवून घेऊ नका, परत काढा.

घोड्यावरची जोडी जरा अवघड असते. घोडाही दोन त्रिकोणांचाच, फक्त आडवे, त्यामुळे त्याचीही कंबर बारीक असते आणि तिच्यावर दोन माणसं बसवायची म्हणजे वजनाचा प्रश्न येतो. एक पुढे कलला तर दुसरा थोडा मागे कलवायचा, दोघंही पुढे कलले तर घोडा तोंडावर पडेल असं वाटतं, दोघं ताठ असतील तर घोडा उभा राहतो आणि वरात थांबते. चार-पाच रफ करून बघा, कोणता घोडा चालतोय ते आपल्याच डोळ्याला कळतं.

पायरी ५: चौक

एथ्री कागद उभा धरा. मधोमध २० सेंटीमीटरचा चौकोन पेन्सिलने अगदी फिकट आखा, त्याच्या आत ३ सेंटीमीटर सोडून दुसरा चौकोन. म्हणजे आत १४ बाय १४ ची मोकळी जागा उरली आणि भोवती ३ सेंटीमीटरची पट्टी. फूटपट्टी फक्त इथपर्यंतच, पांढरी रेष मात्र हातानेच मारायची, थोडी हलली तर हलू दे, ती हललेली रेषच जिवंत दिसते.

पट्टी भरायला साखळी, ओळीने छोटे त्रिकोण, आडव्या-उभ्या रेषांची जाळी असं काहीही चालतं, पण एक व्यावहारिक गोष्ट लक्षात ठेवा. वरून सुरुवात करून गोल फिरत जाऊ नका. तुमचा हात सुरुवातीला घट्ट असतो आणि नंतर सैल होत जातो, त्यामुळे गोल फिरलात की पहिली बाजू दाट आणि शेवटची विरळ होते आणि चौक एका बाजूला कलंडल्यासारखा वाटतो. वरची अर्धी भरा, मग खालची अर्धी, मग डावी, मग उजवी, असं आलटून पालटून जायचं. कोपरे आधी करून घ्या, चार छोटे ३ बाय ३ चे चौकोन, म्हणजे शेवटी नक्षी कोपऱ्यात अडकत नाही.

गावात हे काम चालू असताना धवलेरी गाणी म्हणत असते. धवलेरी म्हणजे लग्न लावणारी बाई, हो, वारल्यांमध्ये लग्न लावायचा मान बाईकडे असतो, आणि चौक लिहिणाऱ्याही बायकाच. पुरुष यात आले ते बरंच अलीकडे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी या भागात आले आणि त्यांच्यामुळे भिंतीवरची चित्रं कागदावर आली, त्याच सुमारास डहाणू तालुक्यातले जिव्या सोमा म्हसे लग्न असो वा नसो रोज चित्रं काढू लागले. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. आज आपण वारली म्हणून जे ओळखतो, नाच, शेतं, मासेमारी, मुंग्या, ते जगभर पोचलं यात त्यांचा फार मोठा वाटा आहे. पण त्याच्या मागे ज्या बायकांनी पिढ्यानपिढ्या चौक लिहिले त्यांची नावं कुठे लिहून ठेवलेली नाहीत, हे मला पट्टी भरताना दरवेळी आठवतं.

चौकाच्या आत काय काढायचं

इथे माझं मत स्पष्ट आहे आणि ते सगळ्यांना पटेलच असं नाही. पालघट काढू नका. ती सजावटीची वस्तू नाही, तिला गाण्याने बोलवावं लागतं, भगत (देवाला बोलावणारा माणूस) असतो, घरातलं लग्न असतं, तेव्हा ती त्या भिंतीवर येते. ज्यांची ती देवी आहे त्यांनी कागदावर काढून विकली तर तो त्यांचा हक्क आहे, आपण शिकाऊ माणसांनी मधली जागा जोडीसाठी किंवा एका झाडासाठी वापरावी. झाड काढलंत तर खोड खालून वर न काढता फांद्यांच्या टोकाकडून खाली आणून बघा, वजन बरोबर खोडावर उतरतं. जोडी काढलीत तर तिच्या डोक्यावर भरपूर मोकळा गेरू ठेवा. १४ सेंटीमीटरच्या जागेत जोडी ५-६ सेंटीमीटरच्या वर नको. नवशिक्यांचा हात मोठं काढायला शिवशिवतो आणि मग नवरा-नवरी चौकात कोंबल्यासारखी होतात.

पायरी ६: चौकाबाहेरचं जग

वरच्या एका कोपऱ्यात सूर्य, दुसऱ्यात चंद्र. दोन्ही ३ सेंटीमीटरच्या आसपास. सूर्य किरणांमुळे आपोआप जड दिसतो म्हणून चंद्राच्या खाली एखादं दाट झाड टाका, तोल सांभाळला जातो.

खाली तारपा नाच. दुधीभोपळा सुकवून, बांबूच्या नळ्या आणि ताडाचं पान लावून तारपा बनतो, तो वाजवणारा मधे आणि बाकी सगळे एकमेकांच्या कंबरेला हात घालून त्याच्याभोवती फिरतात, सूर बदलला की फिरायची दिशा बदलते. चित्रात ही साखळी पूर्ण बंद गोल काढायची नाही, आतून बाहेर उलगडत जाणारी काढायची, म्हणजे शेवटच्या माणसाच्या पुढे अजून कोणी येऊन हात धरू शकेल अशी जागा राहते. आधी पेन्सिलने फक्त गोगलगाईच्या शंखासारखी वळणारी रेष काढा, तिच्यावर समान अंतराने कंबरेचे ठिपके द्या, मग प्रत्येक ठिपक्यावर माणूस उघडा. पायरी ३ ची प्रॅक्टिस इथे कामाला येते. प्रत्येकाचा वरचा त्रिकोण वळणाच्या आतल्या बाजूला थोडा झुकलेला हवा, नाहीतर नाच नाही रांग दिसते. रेशनच्या दुकानाबाहेरची.

उरलेल्या जागेत कोंबड्या, बैल, पाणी भरणारी बाई, ताडावर चढणारा माणूस. यावर जास्त सांगत नाही, तुमच्या डोळ्यासमोरचं काढा. फक्त कोणालाच कोणापेक्षा फार मोठं करू नका आणि सगळी जागा भरायच्या मागे लागू नका.

पायरी ७: तपासणी

पूर्ण वाळल्यावर, म्हणजे तांदूळ असेल तर निदान तासभराने, कागद भिंतीला टेकवून पाच-सहा पावलं मागे जा. डोळे बारीक करा. पांढरं सगळं एका बाजूला गोळा झालंय का बघा. मग कागद उलटा करून, डोकं खाली पाय वर, परत बघा, या वेळी माणसं दिसत नाहीत फक्त वजन दिसतं त्यामुळे कुठे जड झालंय ते पटकन कळतं. हलक्या बाजूला एक पक्षी किंवा गवताचा झुबका पुरतो. मग चौकातल्या जोडीकडे बघा, नजर तिथे आपोआप जाते का? जात नसेल तर चौकाच्या पट्टीत नक्षी कमी पडलीय, तिथे बारीक रेषा वाढवा, जोडी मोठी करू नका.

विकत घेणार असाल तर

शिकून झाल्यावर एक तरी खरं चित्र वारली चित्रकाराकडून घ्याच. लोकल आता डहाणू रोडपर्यंत जाते, तिथून गंजाड वगैरे गावांकडे जाता येतं. वारली चित्रकलेला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालेलं आहे, म्हणून नुसतं "वारली स्टाईल" छापलेलं आणि हाताने लिहिलेलं यातला फरक विचारून घ्या. चित्र हातात घेतलं की आधी कंबरा बघा. छापील चित्रात सगळ्या कंबरा सारख्या असतात, हाताच्या चित्रात नसतात. भाव करताना जरा विचार करा, चांगल्या चौकाला कित्येक दिवस जातात. आणि चित्रात काय काय आहे ते त्यांनाच सांगायला लावा, बहुतेक जण अगदी मनापासून सांगतात.

सांभाळणं

तांदळाचा रंग असेल तर कागदाला कसर लागू शकते, पावसाळ्यात बुरशीही येते. फ्रेम करणार असाल तर काच आणि चित्र यांच्यामध्ये माऊंटची (जाड पुठ्ठ्याच्या चौकटीची) जागा सोडायला सांगा, काच थेट टेकली की दमट हवेत तांदूळ काचेला चिकटतो आणि फ्रेम उघडताना नेमका तो नाजूक भाग, कंबरेचा ठिपका, काचेबरोबर निघून येतो. गुंडाळी करून ठेवू नका, रेष तडकते. सपाट ठेवा, दोन बटर पेपरच्या मध्ये, सोबत कडुलिंबाची वाळलेली पानं, आणि ती दर पावसाळ्याआधी बदला.